अंगठा पडवीत, शिक्का तालुक्याला: नोटरीने नेमकं काय बघायचं असतं?

सुरंगी_देवगड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा. ज्यांना कायद्यातलं कळतं त्यांनी स्पष्ट सांगा, माझं चुकत असेल तर तेही सांगा.

आमचं घर देवगड तालुक्यात. सातबाऱ्यावर २३ नावं. निम्मी माणसं मुंबईला, काही कधीच वारलेली पण नावं तशीच. माझे काका दोन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. वारस नोंद होऊन त्यांच्या हिश्श्याला काकीचं नाव लागलं. काकीचं वय ८४. एकटी राहते, मी रोज एक फेरी मारते. घराच्या वरच्या अंगाला हापूसची काही कलमं आहेत, काकांनी स्वतः घागरीने पाणी घालून जगवलेली.

गेल्या आठवड्यात तलाठी कार्यालयात दुसऱ्याच कामाला गेले होते. तिथे कळलं की काकीच्या हिश्श्याचा फेरफार करायला आमच्या मुंबईच्या चुलतभावाने कागद दिलेत. एक हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचं) आणि एक कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याने तिच्या वतीने व्यवहार करायचं). पाचशे-पाचशेच्या मुद्रांकावर टाइप केलेली, दोन्हींवर नोटरीचा गोल शिक्का, आणि खाली "नि. डा. अं." (निशाणी डाव्या अंगठ्याची) म्हणून काकीचा अंगठा.

मी झेरॉक्स घेऊन घरी आले आणि काकीला विचारलं. ती म्हणाली, गणपतीत दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर पडवीत बसले होते, तो म्हणाला काकांच्या पेन्शनीचा कागद आहे, अंगठा दे. हात थरथरतो म्हणून सही नको म्हणाला. पेन्शन तिला गेलं वर्षभर नीट मिळतेय.

आता हे बघा. काकी सातवी शिकलेली आहे. बँकेत आजही सही करते. वेळ लागतो, शेवटच्या अक्षराशी पेन जरा अडतं, पण सही करते. आणि नोटरीच्या शिक्क्याशेजारी तारीख आहे ती गणपती झाल्यावर चार दिवसांनंतरची. त्या दिवशी काकी घराबाहेर पडलेलीच नाही, मी दुपारी तिच्याकडे जेवायला होते. तरी कागदावर छापलंय, "माझ्यासमोर हजर राहून, मजकूर वाचून व समजून घेऊन अंगठा केला."

माझे प्रश्न: असा कागद कायद्याने चालतो का? नोटरीची जबाबदारी काय असते? आणि आता आधी काय करायचं?

चुलतभावाशी मला भांडण नको आहे. त्याचं म्हणणं, "पुढे मागे कटकट नको म्हणून करून ठेवलं, नाहीतरी काकीचं माझ्याशिवाय कोण बघणार?" पण काकीला न सांगता झालं हे मला सहन होत नाही.

माजी_लिपिक

ताई, पहिलं काम आजच करा. तलाठी आणि मंडळ अधिकारी दोघांच्या नावाने काकीच्या स्वतःच्या सहीचा हरकतीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही.

दुसरं, घाबरू नका. हक्कसोडपत्र नोटरी केलेलं असो नाहीतर दहा जणांनी साक्ष घातलेली असो, नोंदणी झाल्याशिवाय जमिनीतला हक्क सुटत नाही. नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम १७ वाचा, स्थावरातला शंभर रुपयांवरचा हक्क सोडणारा दस्त नोंदवलाच पाहिजे. न नोंदवल्यास काय होतं ते कलम ४९ मध्ये आहे, त्या दस्ताने मालमत्तेवर काहीच परिणाम होत नाही. तलाठ्याने तो कागद परत केला असेल तर बरोबरच केलं.

मी तालुका कोर्टात ३१ वर्षं काढली. नोटरी केलं म्हणजे पक्कं झालं, ही समजूत गावोगाव आहे. कोर्टाच्या गेटासमोरच्या टायपिंगवाल्यांकडे माणसं येऊन सांगतात, "जमीन नावावर करायची आहे, नोटरी करून द्या." नोटरीने जमीन नावावर होत नाही. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, वर्षाच्या वरचा भाडेपट्टा, सगळं दुय्यम निबंधकाकडेच, म्हणजे सरकारी दस्त नोंदणी कार्यालयात.

काळा_कोट

मी रत्नागिरी जिल्ह्यात वकिली करतो आणि नोटरीही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सुरंगीताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण असे कागद माझ्याही टेबलावर आणले जातात. "साहेब, म्हातारी गाडीत बसलेली आहे, पायऱ्या चढवत नाहीत, शिक्का मारा." मी खाली उतरून गाडीत बघितलं तेव्हा एकदा गाडीत कोणीच नव्हतं.

नोटरी म्हणजे कोण? नोटरी अधिनियम १९५२ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकार नेमतं. साधारण १० वर्षं वकिली झालेली लागते. महिला आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीयांना ७ वर्षं. प्रमाणपत्र ५ वर्षांचं, मग नूतनीकरण. प्रमाणपत्रात काम करायचं क्षेत्र लिहिलेलं असतं. शिक्का साधा गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक कोणत्या सरकारची ते असतं. तुमच्या झेरॉक्सवर हे नीट वाचता येतंय का बघा, पुढे तक्रार कुठे करायची ते त्यावरून ठरतं.

आता कामाचं. कायद्याच्या कलम ८ मध्ये नोटरीची कामं दिलेली आहेत. दस्त करून दिल्याची पडताळणी आणि साक्षांकन, शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं, भाषांतर प्रमाणित करणं, वचनचिठ्ठी किंवा हुंडी न वटल्याची नोंद, आणि इतर. यातलं कोणतंही काम स्वतःची सही आणि अधिकृत शिक्का असल्याशिवाय नोटरीचं काम ठरत नाही. पण त्या शिक्क्याचा अर्थ काय, हे सगळ्यांनी लक्षात घ्या. हा माणूस, याच नावाचा, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःहून सही करून गेला, एवढंच तो शिक्का सांगतो. आतला मजकूर खरा की खोटा, जमीन कोणाची, हिस्सा किती, याची हमी तो देत नाही. म्हणून माणूस समोर नसेल तर त्या शिक्क्यात काही उरतच नाही.

मी काय करतो ते सांगतो. मूळ ओळखपत्र हातात घेतो, झेरॉक्स नाही. फोटो आणि चेहरा बघतो. ओळखणारा वकील किंवा माणूस असेल तर त्याची सही घेतो. कागदाची पानं मोजतो, कोऱ्या जागा आडव्या रेघेने बंद करतो, खाडाखोड असेल तिथे दोघांच्या सह्या. अंगठा करणारा असेल तर मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो आणि मधेच विचारतो, "आजी, यात काय लिहिलंय सांगा बघू." शंभरातल्या पाच जणांना तरी भलतंच सांगितलेलं असतं, हा माझा अंदाज. मग नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख, नाव-पत्ता, कागदाचा प्रकार, फी, आणि त्या माणसाची सही किंवा अंगठा. ही नोंदवही ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. वर्षभराच्या कामाचं विवरण जानेवारीत सरकारला द्यावं लागतं.

म्हणून ताई, तुमच्या कागदावर जो नोंदवहीचा क्रमांक असेल त्या नोंदीची प्रत त्या नोटरीकडे लेखी मागा. त्या दिवशीच्या रकान्यात काकीचा अंगठा आहे का, एवढं बघा.

खाडीपलीकडे

सुरंगीताई, माझ्या आवशीचो अंगठो पण असोच घेतलेलो. काकीक सांग, भिया नको, आणि कोरो कागद कोणी पुढे केलो तर हात मागे घे म्हणान सांग.

चाकरमानी_बोरिवली

सगळ्यांना वाईट वाटेल, पण मी दुसरी बाजू मांडतो. गणपतीत आम्हाला सात दिवस सुट्टी. त्यात तहसील, तलाठी, भूमी अभिलेख, सगळी कामं. ८४ वर्षांच्या माणसाला २५ किलोमीटर घाटवळणाच्या रस्त्याने तालुक्याला न्यायचं, तिथे दोन तास बाकावर बसवायचं, हे कोणाला परवडतं? मी माझ्या आत्याचा असाच कागद केला. आत्याला सगळं माहीत होतं, तिची इच्छा होती. फसवलं नाही. मग त्यात नोटरीने सोय केली तर बिघडलं कुठे?

काळा_कोट

चाकरमानी, तुमची अडचण खरी आहे. तिच्यावर उपायही कायद्यातच आहे.

नोटरी घरी येऊ शकतो. नियम १० मध्ये ठरलेल्या फीशिवाय प्रवासखर्च घ्यायची तरतूद आहे. मी आतापर्यंत कितीतरी घरी गेलोय, एकदा दाभोळच्या पलीकडे होडीतून. दस्त नोंदवायचा असेल तर आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधकसुद्धा घरी येतात, नोंदणी अधिनियमात कलम ३१ आणि ३८ त्यासाठीच आहेत. अर्ज द्यायचा, जादा फी भरायची, डॉक्टरचा दाखला जोडायचा.

तुमच्या आत्याची इच्छा होती, मान्य. पण उद्या आत्या गेल्यावर तिच्या दुसऱ्या भाच्याने कोर्टात विचारलं की त्या तारखेला आत्या कुठे होती, तर नोटरी काय सांगणार? जो कागद आत्याच्या इच्छेचा पुरावा म्हणून केला तोच तुमच्यावर उलटेल. आणि तुम्ही "सोय" म्हणता ती नोटरीसाठी गैरवर्तन आहे. चौकशीत सिद्ध झालं तर सरकार त्याचं नाव नोंदवहीतून काढू शकतं, कायद्याचं कलम १०.

चाकरमानी_बोरिवली

होडीतून गेलात हे वाचून गप्प झालो. घरी येतात हे खरंच माहीत नव्हतं. आत्या अजून आहे. दिवाळीला येतोय तेव्हा नीट करून घेतो.

तांडेल

कलम ८ चा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या यादीत जहाजाचा आणि बोटीचा प्रोटेस्ट नोंदवायचं कामही आहे, हे इथे किती जणांना माहीत? वादळात माल गेला, बोट आपटली, बंदरात अडकून पडली, तर तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, किनाऱ्याला लागल्या लागल्या नोटरीपुढे जाऊन जबाब द्यायचा: वारा कसा होता, काय फेकावं लागलं, किती वाजता. मालवाले आणि विमावाले नंतर भांडतात तेव्हा हा जबाब उपयोगी पडतो. माझे आजोबा गलबतावर होते, मंगलोरी कौलं आणायचे. भर समुद्रात कौलं फेकावी लागली तेव्हा बंदरात उतरून ओल्या कपड्यांनीच साहेबापुढे उभे राहिले होते, असं वडील सांगायचे. कपडे बदलायला घरी गेले असते तर म्हणाले असते, "हा तर गोष्ट रचून आला." स्वतः जाऊन, लगेच, तोंडाने सांगायचं, ही त्या कामाची रीतच आहे.

पेडणे_ते_सावंतवाडी

एक सावधगिरी. आमच्याकडे सावंतवाडी, दोडामार्गच्या बऱ्याच लोकांची सोयरीक आणि जमीन गोव्यात आहे. गोव्यात नोटरी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आपल्यासारखा वकील-नोटरी. दुसरा पोर्तुगीज पद्धतीतून आलेला विशेष नोटरी, तो सरकारी अधिकारी असतो आणि वारसाहक्काचा दस्त त्याच्यापुढे होतो. गोव्यातल्या पाहुण्याने "आमच्याकडे नोटरीकडेच वारस ठरतात" असं सांगितलं म्हणून इकडे तसं करायला जाऊ नका. माझ्या मेहुण्याची सहा महिने धावपळ फुकट गेली.

खेडची_सून

माझा नवरा कुवेतला आहे. चिपळूणचा फ्लॅट विकायचाय, मुखत्यारपत्र मला द्यायचंय. इथून टाइप करून पाठवला, तिथे त्याने सही करून परत पाठवला आणि इथे नोटरी केला तर?

काळा_कोट

ताई, अजिबात नको. सही कुवेतला झालेली आणि शिक्का खेडला, म्हणजे वरच्या काकीच्या प्रकरणासारखंच. त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची. परदेशात राहणाऱ्याचं असं मुखत्यारपत्र नोंदणीच्या कामाला चालतं, कलम ३३. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. पाकीट आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.

उलट, माणूस भारतातच राहत असेल आणि त्याने सही केलेला दस्त दुसऱ्याने नोंदणीला हजर करायचा असेल, तर ते मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित केलेलं लागतं. तिथे नोटरीचा शिक्का पुरत नाही. आणि फक्त मुखत्यारपत्र देऊन जमीन विकल्यासारखं करायचं, हा जुना प्रकार तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात साफ मोडीत काढला आहे.

पालक_गुहागर

शाळेच्या उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत पाचशेचा मुद्रांक मागितला. बरोबर आहे का?

माजी_लिपिक

नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेवर गेला खरा, पण सरकारी कार्यालयात आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. शिवाय ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बहुतेक दाखल्यांना साधं स्वयंघोषणापत्र चालतं, जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितलंय तेवढं सोडून. नम्रपणे लेखी मागा की कोणत्या नियमाने मुद्रांक हवा.

नोटरीच्या फीचंही तेच. दराचा फलक कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावायचा नियम आहे. बघा आणि पावती मागा.

वेंगुर्ला_बंदर

आमच्या गल्लीत मागच्या वर्षी नोटरीपुढे लग्न लावलं आणि दुसऱ्या एका घरात नोटरीपुढे सोडचिठ्ठी. दोन्ही पोरींना पुढे पासपोर्टला त्रास झाला. हे चालतं का?

काळा_कोट

चालत नाही. केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलंय की लग्न किंवा घटस्फोटाचे दस्त करायचा नोटरीला अधिकार नाही. लग्नाची नोंद विवाह निबंधकाकडे, घटस्फोट कोर्टातून. मृत्युपत्राबद्दलही सारखं विचारतात: त्याला दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागत नाही.

सुरंगी_देवगड

तिसऱ्या आठवड्यात लिहितेय. तुमच्या सगळ्यांमुळे धीर आला.

हरकतीचा अर्ज दिला, आवक शिक्का घेतला. काकीने स्वतः सही केली. नोटरीकडे नोंदीची प्रत मागायला मी आणि माझा मुलगा गेलो. आधी "नंतर या" झालं, लेखी अर्ज दिल्यावर नोंदवही दाखवली. काकीच्या नावापुढे अंगठ्याचा रकाना कोरा होता. त्याच पानावर बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत. मी फोटो मागितला, नाही म्हणाले. प्रत मिळालेली नाही अजून. पोलिसात जावं का?

काळा_कोट

रकाना कोरा आहे हे तुम्ही आणि मुलाने पाहिलंत, घरी गेल्यावर लगेच तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, दोघांच्या सह्या करा.

नोटरीविरुद्ध तक्रार त्याला नेमणाऱ्या सरकारकडे, नोटरी नियमांतल्या नमुना १३ मध्ये. शिक्क्यावर महाराष्ट्र शासन असेल तर राज्याच्या विधी विभागाकडे, भारत सरकार असेल तर केंद्राकडे. सोबत कागदाची झेरॉक्स, काकीच्या बँकेतल्या सहीचा पुरावा, तुमचं निवेदन. त्यावर नोटरीचं म्हणणं मागवून चौकशी होते. पोलिसांबद्दल: नोटरीने काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय घेत नाही, कलम १३. ते संरक्षण फक्त नोटरीला आहे, कागद तयार करून आणणाऱ्याला नाही. भावावर तक्रार करायची की नाही, ते काकीने ठरवायचं. तुम्ही नाही आणि आम्हीही नाही.

आणि ते मुखत्यारपत्र लेखी रद्द करा. अंगठाच फसवून घेतलाय असं आपलं म्हणणं असलं तरी रद्द केल्याचा कागद हातात हवा. भावाला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने कळवा, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, दुय्यम निबंधकाकडेही एक प्रत द्या.

सुरंगी_देवगड

झालं. लिहिते.

दुसऱ्या एका नोटरीबाईंना विनंती केली, त्या घरी आल्या. प्रवासखर्च धरून फी आधी फोनवर सांगितली, पावती दिली. काकीचं आधार कार्ड देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात होतं, ते मीच काढत होते तर बाई म्हणाल्या, "त्यांनाच देऊ दे." मग मला आणि मुलाला अंगणात जायला सांगितलं. मला क्षणभर राग आला. मग कळलं, मीसुद्धा तिला काही शिकवलेलं नाही ना, हेच त्या बघत होत्या. दारातून ऐकू येत होतं. त्यांनी रद्दपत्र वाचलं. काकी म्हणाली, "परत वाचा, हापूसच्या कलमांचा गट नंबर चुकलाय." आणि खरंच एक आकडा टायपिंगमध्ये उलटा झाला होता. तो दुरुस्त केला, बाजूला दोघींनी सह्या केल्या.

नोंदवही पाटावर ठेवली होती. काकीने चष्मा पुसला, पदर खोचला आणि सही केली. शेवटच्या अक्षराशी पेन अडलं, बाई थांबल्या, घाई केली नाही.

हक्कसोड कोणालाच करायची नाही असं काकीचं ठरलं. मी असेपर्यंत कलमं माझी, म्हणाली. भावाला पत्र गेलं. त्याचा फोन आला, पहिल्यांदा चिडला, मग मूळ कागद कुरिअरने पाठवतो म्हणाला. त्याच्यावर पोलिसात जायचं नाही असं काकीनेच सांगितलं. नोटरीविरुद्धची नमुना १३ मधली तक्रार मात्र तिने सही करून दिली, सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवली. पोच अजून यायची आहे. आली की इथेच लिहीन.